आरोग्यपाठ: गोळ्यांचे पाकीट दिल्यानंतरचे काम



आपल्या मंडळ्यांतील अनेक भगिनी वैद्यकीय शिबिरांसाठी सातपुड्यातील पाड्यांवर जातात. कोणी नोंदणीला बसते, कोणी औषधे वाटायला मदत करते. दुपारी गर्दी ओसरली की एखादी तरुण आई जवळ येऊन बसते आणि हळूच विचारते, "बाई, ही गोळी घेऊ का? काही होत नाही ना?" डॉक्टरांना विचारायला ती लाजते, पण तुम्हाला विचारते. म्हणून या अंकाचा पाठ त्या गोळीवर घेतला आहे. शहरात राहणाऱ्या आपल्या लेकीसुनांनाही तो तितकाच उपयोगी पडेल.

ही गोळी म्हणजे रोज घ्यायची संयुक्त गर्भनिरोधक गोळी. सरकारी दवाखान्यात ती 'माला-एन' या नावाने फुकट मिळते, आशाताईंकडेही मिळते. 'माला-डी' हीसुद्धा तीच गोळी, फक्त विकत मिळणारी. पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल इस्ट्राडिऑल ही दोन संप्रेरके असतात. शेवटच्या ७ तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात आणि त्यांत संप्रेरक नसते. तपकिरी गोळ्या चालू असताना पाळी येते. अठ्ठावीस संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करायचे. पाळी थांबली आहे की नाही, हे पाहत बसायचे नाही.

हा मिशनचा विषय आहे का?

असा प्रश्न काही वाचक विचारतात, आणि तो योग्यही आहे. पाड्यावर सतराअठरा वर्षांची मुलगी आई होते. अंगात रक्त कमी, वजन चाळीस किलोच्या आतबाहेर. पहिले मूल धड चालायला लागलेले नसते, तोच दुसरे पोटात असते. अंगावरचे दूध तुटते, थोरले वाळते आणि धाकटे कमी वजनाचे जन्मते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुपोषणाच्या कामासाठी तुम्ही जी देणगी पाठवता, तिचा या दोन वर्षांशी जवळचा संबंध आहे.

गर्भनिरोधनाबाबत सर्व ख्रिस्ती लोकांचे मत एक नाही. १९३० च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही मर्यादा घालून त्याला वाट मोकळी केली. कॅथलिक मंडळीची शिकवण पोप सहावे पौल यांच्या १९६८ च्या परिपत्रकानुसार कृत्रिम साधनांच्या विरुद्ध आहे. ज्याची त्याची सद्सद्विवेकबुद्धी मानावी. मात्र एक गैरसमज दूर व्हायला हवा. ही गोळी गर्भपाताची नाही. तिचे मुख्य काम बीजकोशातून बीज बाहेर पडू न देणे हे आहे. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव तिच्यामुळे घट्ट होतो आणि शुक्रजंतूंची वाट अडते. राहिलेला गर्भ ती पाडू शकत नाही. गरोदरपण लक्षात न येता चुकून काही गोळ्या घेतल्या गेल्या, तर बाळाला त्यामुळे व्यंग येते असेही आढळलेले नाही.

आणखी एक गोष्ट काटेकोरपणे पाळायची. गोळी घ्यायची की नाही, हे ती बाईच ठरवील. धान्य, साडी किंवा मुलाचा वसतिगृह प्रवेश याच्याशी गोळीचा संबंध जोडायचा नाही, सुचवायचादेखील नाही. आदिवासी भागात कुटुंब नियोजनाच्या नावाने लक्ष्य गाठण्याचे जे प्रकार पूर्वी झाले, ते लोक विसरलेले नाहीत. आपले नाव त्या यादीत जायला नको.

आधी काय विचारायचे

गोळी सुरू करण्याआधी रक्ताच्या किंवा पोटाच्या तपासणीची सहसा गरज नसते. रक्तदाब मात्र पाहायलाच हवा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर ही गोळी नको. बाकी सगळे विचारूनच कळते, आणि इथे शिबिरातल्या भगिनीचा उपयोग डॉक्टरांइतकाच असतो, कारण बाई तिच्याशी मोकळेपणाने बोलते.

पहिला प्रश्न: मूल अंगावर पीत आहे का, आणि ते किती महिन्यांचे आहे? पाड्यावर हाच मुद्दा सर्वांत जास्त वेळा आडवा येतो. मूल अंगावर पीत असेल, तर सहा महिन्यांपर्यंत ही संयुक्त गोळी देत नाहीत. दीड महिन्याच्या बाळाला लसीकरणासाठी आणलेल्या आईच्या हातात माला-एन ठेवणे चुकीचे आहे. तिच्यासाठी तांबी आहे, निरोध आहे, 'छाया' गोळी आहे आणि सहा आठवड्यांनंतर 'अंतरा' इंजेक्शनही आहे. 'छाया' लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्यात संप्रेरक नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, अशी ती घ्यायची. 'माला' रोज आणि 'छाया' आठवड्याला, यात बायकांची गल्लत होते. दोन्ही पाकिटे समोर ठेवूनच फरक समजवावा.

दुसरा प्रश्न: घरात कोणाला टी.बी. आहे का, तिला स्वतःला औषध चालू आहे का? टी.बी.च्या औषधांतील रिफाम्पिसिनमुळे यकृत संप्रेरकांचा निचरा फार लवकर करते. बाई रोज न चुकता गोळी घेते आणि तरीही दिवस जाऊ शकतात. उपचार निदान सहा महिने चालतो, आणि तो संपल्यावरही महिनाभर हा परिणाम राहतो. तोवर तांबी किंवा 'अंतरा' बरे. आकडीच्या काही औषधांचेही असेच आहे: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन. यातली बरीच औषधे सरकारी दवाखान्यातूनच मिळतात आणि ती वर्षानुवर्षे चालू असल्याने बाईला 'औषध' म्हणून आठवतही नाहीत. "फिट येते का?" असे थेट विचारावे. साध्या खोकल्याताप्याच्या अँटिबायोटिकने किंवा मलेरियाच्या क्लोरोक्विनने मात्र गोळीचा परिणाम कमी होत नाही.

तिसरा प्रश्न सिकलसेलचा. आपल्या भागात या आजाराच्या तपासण्या होतात, त्यामुळे पुष्कळांकडे कार्ड असते. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे अहवालात 'एसएस' लिहिलेले आहे, त्यांच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच जास्त असतो. अशा भगिनीला गोळी आपण शिबिरात द्यायची नाही, डॉक्टरांकडेच पाठवायचे.

याशिवाय पायात, फुफ्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली होती का, पक्षाघात, हृदयाच्या झडपेचा आजार, सध्याची कावीळ किंवा यकृताचा मोठा आजार, स्तनाचा कर्करोग, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन येणारी अर्धशिशी, यांबद्दल विचारावे. पैकी काहीही असेल तर ही गोळी नको. पस्तिशी ओलांडलेली आणि बिडी ओढणारी बाई असेल तरीही नको. पाड्यावर म्हाताऱ्या बायका बिडी ओढतातच, पण तिशीपस्तिशीतल्याही ओढतात आणि न विचारता त्या ते सांगत नाहीत.

एवढे वाचून ही गोळी फारच घातक आहे, असे वाटू नये. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १० हजार स्त्रियांपैकी वर्षाकाठी साधारण २ जणींना रक्ताची गुठळी होते, या प्रकारची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. बहुसंख्य तरुण, निरोगी स्त्रियांना गोळी चालते. प्रश्न विचारायचे ते उरलेल्या थोड्यांना वाचवण्यासाठी.

घ्यायची कशी

पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या दिवसाच्या आत पहिली पांढरी गोळी घेतली, तर संरक्षण लगेच मिळते. इतर दिवशीही सुरू करता येते, पण दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले ७ दिवस निरोध वापरायला हवा. रोज एकच वेळ ठरवावी. पाड्यावर सगळ्यांच्या हातात घड्याळ नसते, म्हणून गोळी कामाशी बांधावी: रात्रीची भाकरी झाली की गोळी. रात्री जेवणानंतर घेतली म्हणजे मळमळही कमी जाणवते.

सुरुवात पांढऱ्या गोळीपासून करायची आणि बाणाच्या दिशेने जायचे. लाल-तपकिरी म्हणजे रक्त वाढवणारी, म्हणून ती आधी संपवणाऱ्या बायका भेटतात. (त्या लोहाने रक्तक्षय बरा होत नाही, त्यासाठी उपकेंद्रातल्या लोहाच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात.) दुसरी मोठी चूक म्हणजे नवरा घरी असेल त्या रात्रीच गोळी घेणे. तो आठवड्याने कामावरून येतो, मग रोज कशाला, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण गोळीचे काम त्या रात्रीपुरते नसते. बीजकोशाला महिनाभर झोपवून ठेवायचे असते, आणि त्यासाठी पांढरी गोळी रोज पोटात जायला हवी. हे एकदा समजले की बाई स्वतःच शेजारणीला समजावते.

अगदी नेमाने घेतल्यास वर्षभरात १०० पैकी एकीलाही क्वचितच दिवस जातात. प्रत्यक्षात लोक जसे वागतात, त्यात मात्र १०० पैकी सुमारे ७ जणींना जातात. गोळी तीच असते. फरक पडतो विसरण्याने, संपण्याने आणि मध्येच सोडून देण्याने. पाकीट वाटून शिबिर संपवले, तर या सात जणींसाठी आपण काही केले नाही असेच म्हणावे लागेल.

गोळी विसरली तर

हा भाग दोनदा वाचा आणि शक्य झाल्यास तोंडी सांगण्याचा सराव करा.

एक पांढरी गोळी विसरली, तर आठवल्याबरोबर घ्यायची. त्या दिवसाची गोळीही नेहमीच्या वेळेला घ्यायची. एका दिवसात दोन झाल्या तरी काही बिघडत नाही, संरक्षणही जात नाही.

सलग दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या चुकल्या, तर शेवटची चुकलेली तेवढी लगेच घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या आणि पाकीट पुढे चालू ठेवायचे. मात्र पुढचे ७ दिवस निरोध वापरायचा किंवा जवळीक टाळायची. त्यातही पाकिटाचा कोणता आठवडा आहे हे पाहावे लागते. पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात असे झाले, तर पांढऱ्या संपवून तपकिरी फेकून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी थेट नवे पाकीट सुरू करायचे. त्या महिन्यात पाळी येणार नाही, त्याने घाबरू नये. पहिल्या आठवड्यात असे झाले आणि मागच्या पाचएक दिवसांत संबंध आला असेल, तर आशाताईकडे तातडीच्या गोळीसाठी लगेच जायचे. ती ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी बरी.

पहिल्या आठवड्याची इतकी काळजी का? कारण त्याआधीचे ७ दिवस तपकिरी गोळ्यांचे, म्हणजे संप्रेरकाविना गेलेले असतात. बीजकोश तेवढी विश्रांती सहन करतो. ती लांबून नऊदहा दिवसांची झाली की तो जागा होऊ लागतो. म्हणून गोळ्यांत सर्वांत महत्त्वाची कोणती असे विचारले, तर उत्तर आहे नव्या पाकिटातली पहिली. आणि तीच जास्त करून उशिरा घेतली जाते, कारण जुने पाकीट संपलेले असते आणि नवे आणायला उपकेंद्र सात किलोमीटरवर असते. तपकिरी गोळी विसरली तर काहीच करायचे नाही, ती टाकून द्यायची.

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली, तर लगेच दुसरी घ्यायची. जुलाब-उलट्या दोन दिवस किंवा जास्त चालल्या, तर दोन गोळ्या चुकल्या असे धरून वरचा नियम लावायचा. मोहाची दारू प्यायल्याने गोळी 'मारली' जाते का, असेही विचारतात. दारूने गोळीचा असर जात नाही. दारूनंतर उलटी झाली तर जातो.

पहिले तीन महिने

मळमळ, डोके जड होणे, छाती दुखरी होणे, मध्येच अंगावर दिसणे, हे सुरुवातीला पुष्कळ जणींना होते आणि दोनतीन महिन्यांत बहुधा थांबते. हे आधी सांगितलेले नसेल, तर पहिला डाग दिसताच सासू म्हणते, "सांगितलं होतं ना, त्या गोळीनं आतून बिघडतं," आणि पाकीट चुलीत जाते. आधी सांगितलेले असेल तर तीच सासू म्हणते, "बाई म्हणाली होती असं होईल." सासूबाईंना बोलण्यात सामील करून घ्यावे, पण सुनेची परवानगी घेऊनच.

चांगल्या गोष्टीही सांगाव्यात. पाळीचा रक्तस्राव आणि दुखणे कमी होते, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्याचा फायदाच होतो. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका घटतो. गोळीने कायमचे वांझपण येत नाही. बंद केल्यावर लवकरच दिवस राहू शकतात. उलट, "थोडे दिवस सोडून पाहते" म्हणणारीला हेच सांगून सावध करावे. एच.आय.व्ही. किंवा गुप्तरोगांपासून मात्र गोळी वाचवत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

पोटात किंवा छातीत असह्य दुखणे, दम लागणे, कधी नव्हे असे जोराचे डोके दुखणे, अचानक नीट न दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे: यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाय मोडून प्लॅस्टर घातले किंवा मोठे ऑपरेशन ठरले, तरी गोळीबद्दल डॉक्टरांना सांगायचे. सलग दोन महिने पाळी आली नाही, किंवा गोळ्या चुकून एकदा आली नाही, तर आशाताईकडच्या 'निश्चय' किटने तपासणी करून घ्यावी.

पाकीट कोरड्या जागी, मुलांच्या हाताला न लागेल असे टांगून ठेवावे. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने बऱ्याच खाल्ल्या तर विषबाधा होते. आणि आपले पाकीट नणंदेला किंवा जावेला उसने द्यायचे नाही. तिचा रक्तदाब कोणी पाहिलेला नसतो.

ऊसतोडीला जाताना

दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. गावची आशाताई मागे राहते. ट्रकवर चढलेल्या बाईकडे एकच पाकीट असले, तर ते अठ्ठावीस दिवसांनी संपते आणि त्यानंतर तिला ओळखीचे कोणी नसते. माला-एन गुजरातमधल्या सरकारी दवाखान्यातही फुकटच मिळते, पण अंधारात उठून तोडीला जाणाऱ्या आणि मजुरी बुडवू न शकणाऱ्या बाईला ते ठाऊक असून फारसा उपयोग नसतो.

म्हणून तिची पाकिटे निघण्याआधी जमवून ठेवावी लागतात. मोसम पाचसहा महिन्यांचा धरला तर सहा पाकिटे, म्हणजे १६८ दिवस. आशाताईंना दसऱ्याच्या सुमारास भेटून कोण जाणार, याची विचारणा करावी. ऐनवेळी इतकी पाकिटे त्यांच्याकडे नसतात, आरोग्य केंद्रातून मागवावी लागतात. जिने गोळी नुकतीच सुरू केली आहे, तिला इतक्या लांब पाठवण्याआधी निदान एक पाकीट गावातच पूर्ण होईल असे पाहावे, म्हणजे मळमळ, डाग जे काही व्हायचे ते इथे विचारता येते. जिला रोजची गोळी जमणार नाही असे स्वतःलाच वाटते, तिच्याशी तांबीबद्दल बोलावे. 'अंतरा' दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते, ते परगावी चुकण्याची शक्यता जास्त.

भगिनी मंडळांना एक विनंती. पाकिटे ठेवायला झाकणाच्या, नाडी असलेल्या जाड कापडी पिशव्या शिवून द्याल तर फार उपयोग होईल. झोपडीच्या मेढीला टांगता येतील एवढ्या असाव्यात. त्यांवर मिशनचे नाव किंवा क्रूस नको, कुटुंब नियोजनाचे चिन्हही नको. आत काय आहे, हे फडावरच्या इतरांना कळण्याचे कारण नाही. पिशवीत पाकिटांबरोबर निरोध, एक जास्तीचे पाकीट उलटी झाल्यास वापरायला, आणि गोळी विसरल्यास काय करायचे याचे चित्रांचे कार्ड ठेवावे. लिहिलेले मराठी पुष्कळ जणींना वाचता येत नाही, आणि घरात त्या पावरी किंवा भिली बोलतात.

बरीच जोडपी होळीला आठ दिवस गावी येतात. तेव्हा रक्तदाब पुन्हा पाहावा, पिशवीत किती पाकिटे उरली ते मोजावे आणि उरायला हवीत त्यापेक्षा जास्त उरली असतील, तर न रागावता काय झाले ते विचारून घ्यावे.